'बळीराजा सुखावला' या मथळ्याच्या जनकास खुले पत्र



दरवर्षी एप्रिलात हवामान खात्याचं पत्रक येतं आणि पाठोपाठ आपल्या चॅनेलवर पट्टी धावते: 'यंदा पाऊस समाधानकारक, बळीराजा सुखावला!' बळीराजा तेव्हा उन्हात नांगरटीला असतो. आपण सुखावलो, हे त्याला तुमच्याकडूनच कळतं.

11 एप्रिल 2023 चंच पत्रक घ्या. देशात सरासरीच्या 96 टक्के, म्हणजे 'सामान्य' पाऊस. तिथंच तुमचं वाचन आटोपलं. पुढं लिहिलं होतं की अंदाज पाच टक्के वरखाली होऊ शकतो, आणि पावसाळ्यात एल निनो डोकं वर काढण्याची चिन्हं आहेत. त्याच पत्रकात एक तक्ताही होता: सामान्य पावसाची शक्यता 35 टक्के, सामान्यापेक्षा कमीची 29, अपुऱ्या पावसाची 22. बेरीज जड जात असेल तर मी करून देतो. पाऊस कमी पडण्याची शक्यता 51 टक्के! खात्यानंही सुरुवात 'सामान्य'नंच केली होती, हे कबूल. पण तक्ता पाहू नका, असं कुणी बजावलं होतं?

हंगाम 94 टक्क्यांवर संपला. दोनच टक्क्यांचा फरक, नाही का? ऑगस्ट मात्र 1901 पासूनचा सर्वांत कोरडा गेला, तूट 36 टक्के. सप्टेंबरात जादा पडलेल्या पावसानं देशाची सरासरी सावरली. ऑगस्टात फुलोऱ्यात करपलेलं सोयाबीन कसं सावरणार? 31 ऑक्टोबरला राज्यातले 40 तालुके दुष्काळी जाहीर झाले. तुमची सरासरी चेरापुंजी आणि जैसलमेर एकत्र कालवून निघते, हेही जाता जाता सांगायचं राहिलंच.

लोकांना आकडे कळत नाहीत, सोपं करून सांगावं लागतं, असं आपण म्हणता. अहो, सोयाबीनमध्ये ओलावा 12 टक्क्यांपुढं गेला की व्यापारी भाव पाडतो. ते गणित शेतकऱ्याला बांधावर उभं राहून येतं. पावसाची टक्केवारी तेवढी त्याला झेपणार नाही, हे आपण स्टुडिओच्या एसीत बसून ठरवलंत.

येत्या एप्रिलात एवढंच करा. तो तक्ता दहा सेकंद पडद्यावर ठेवा, आणि खाली एक ओळ द्या: हा अंदाज अख्ख्या देशाचा आहे, पेरणी आपल्या शिवारात पुरेशी ओल झाल्यावरच करा.