परवानगीचे इंग्रजी

2000 साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केले, या दूरदृष्टीबद्दल शासनाचे जाहीर अभिनंदन. साहेबाच्या भाषेचा पाया कशावर घालावा, हे आपल्याला नेमके उमगले. शिरूर-दौंडकडच्या कुठल्याही शाळेत डोकवा. चौकटीला धरून, एक पाय आधीच आत टाकून पोरगे एका दमात म्हणते, ‘मेआयकमिन्सर?’ तहान लागली, ‘मे आय’. करंगळी वर झाली, तरी ‘मे आय’. दहा वर्षे नुसती परवानगी मागण्याचा एवढा रियाज जगात कुणी केला नसेल. ‘कॅन’ म्हणजे क्षमता; ती ऑप्शनला टाकली तरी चालते. ‘शुड’ म्हणजे उपदेश. तो घरी फुकट मिळतो.

आमची नम्र सूचना एवढीच, की ही शिस्त शाळेबाहेरही लागू करावी. सकाळी दौंड जंक्शनवर पुण्याच्या गाडीच्या जनरल डब्याशी प्रत्येकाने थांबून ‘मे आय कम इन?’ विचारावे. आतून होकार येईपर्यंत गाडी केडगाव गाठेल आणि गर्दीचा प्रश्न एकही डबा न वाढवता सुटेल.

राहता राहिले ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’. त्यांची काळजी नको. रांजणगाव-कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटदार ते प्रात्यक्षिकासह शिकवतात. डबल शिफ्टला ‘मस्ट’, रविवारी ‘हॅव टू’. कायम कधी करणार, असे कुणी विचारलेच, तर साहेबही अगदी स्वच्छ उच्चारात सांगतात, ‘माइट’.