सीमेवरचा गृहस्थ : देखभाल आणि वापर

ज्यांच्या घरातल्या पुरुषाची साखर ‘बॉर्डरवर’ आली आहे, अशा भगिनींसाठी ही पुस्तिका आहे. पुरुषांनी वाचली तरी हरकत नाही. ते कुठलीही पुस्तिका शेवटपर्यंत वाचत नाहीत, हे वॉशिंग मशीन घरात आलं तेव्हापासून आम्हाला ठाऊक आहे.

प्रथम व्याख्या. तीन महिन्यांच्या साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा आकडा ५.७ ते ६.४ यांच्यामध्ये आला की गृहस्थ सीमेवर पोचला असं समजावं. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ आली तरी तेच. आमच्याकडे ६.२ आला. त्या रात्री हे गप्प होते आणि सकाळपासून, हिंदुस्थानात हा प्रकार पहिल्यांदाच घडल्यासारखे बोलू लागले. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज असा की देशात १३ कोटी ६० लाख माणसं याच सीमेवर उभी आहेत. ही माहिती गृहस्थाला लगेच देऊ नये. आपण गर्दीतले एक आहोत हे बदलापूर लोकल त्याला रोज सांगतेच; आजारपणात तरी बिचाऱ्याला खिडकी मिळू द्यावी.

कलम १. ‘पण मी तर बारीक आहे.’ हे वाक्य प्रत्येक सीमावासी म्हणतो, आणि म्हणताना पोट आत घेतो. त्यावर उतारा पुण्याहून आलेला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापला. त्यात ते स्वतः आणि लंडनचे डॉ. यडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली माणसं हातापायांनी काटकुळी आणि आतून लोण्याची, हे त्यांनी स्वतःला उभं करून जगाला दाखवलं. मी हा फोटो यांना दाखवला. यांनी बराच वेळ निरखून विचारलं, “यातले आपले कोणते?” सांगितल्यावर म्हणाले, “दिसायला छान आहेत.” तात्पर्य, पुरावा दाखवत बसण्यापेक्षा कमरेला टेप लावावी. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर गेली की वाद संपतो. टेप लावताना श्वास सोडायला सांगावं.

कलम २. पंथ. सीमेवर आलेला गृहस्थ आठवड्याभरात एखाद्या पंथाची दीक्षा घेतो. महाराष्ट्रात सध्या मोठे पंथ दोन. पहिला दीक्षित पंथ : डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर नेला. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत आटपा, मध्ये काही नाही. दुसरा पंथ सांगतो, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. दोन्हींकडे निष्ठेने वागून बारीक झालेली माणसं मला माहीत आहेत. आमच्या घरी मात्र समन्वय झाला. दोन भरपूर जेवणं, आणि दर दोन तासांनी थोडं थोडं. शिवाय ५५ मिनिटं ही मर्यादा आहे हे यांना पटेना. यांनी ते कर्तव्य मानलं आणि शेवटच्या दहा मिनिटांत ‘अजून वेळ आहे’ म्हणून दहीभात कालवला.

कलम ३. गूळ ही साखरच आहे. मधसुद्धा. सेंद्रिय गूळसुद्धा. कोल्हापूरहून आणलेलासुद्धा.

कलम ४. मारी बिस्किट हे औषध नाही. या बिस्किटाला गोडवा कमी, चव बेताची आणि चेहरा दवाखान्यातला, म्हणून घराघरांत त्याला पथ्याचा दर्जा मिळाला आहे. आत मैदा आणि साखरच असते. भाकरीचंही तसंच. ज्वारीची आहे म्हणून तीन खाल्ल्या तर पोटाला त्या तीनच लागतात.

कलम ५. यंत्र. घरी ग्लुकोमीटर आणावा की नाही हे डॉक्टरांना विचारावं. आम्ही विचारण्याआधीच तो आला होता. पहिल्या आठवड्यात घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचं बोट टोचलं गेलं; गॅस सिलिंडरवाला कसाबसा सुटला. मग मे महिन्यातल्या एका दुपारी यांनी हापूस चोखला, हात लुंगीला पुसले आणि बोट टोचलं. २४८. घरात सुतक. यांनी विम्याचे कागद काढले, बँकेची पासबुकं कुठे ठेवली आहेत ते मला सांगितलं (मला माहीत होतं), थोरल्याला पुण्याहून बोलवू का म्हणाले. मी म्हटलं, “आधी साबणाने हात धुवा.” धुतले, पुसले, पुन्हा टोचलं. १२६. यंत्राने आंब्याची साखर मोजली होती. सबब टोचण्याआधी हात धुवून कोरडे करावेत. नुसतं बोट चाटून पुसू नये.

कलम ६. अंबरनाथ. तिथे माझी नणंद असते आणि वालधुनीकाठी १०६० सालचं शिलाहारांचं शिवमंदिर आहे. महाशिवरात्रीला दोन्हींचं दर्शन घ्यावं लागतं. रांगेत उभं राहिल्याने साखर उतरते, पण नणंदेकडे ती चढायची पूर्ण व्यवस्था असते : साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, वर केळं. एकादशी अन् दुप्पट खाशी, तिथे शिवरात्रीचं काय सांगावं! साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यात वाचवणारे काय ते शेंगदाणे. म्हणून दाण्याचं कूट भरपूर, साबुदाणा मूठभर आणि सोबत वाटीभर दही मागून घ्यावं. नणंद म्हणते, “दादा किती वाळलाय!” तेव्हा तिच्याकडे न बघता ताक प्यावं.

कलम ७. उल्हासनगर. यांचे लोकलमधले जिवलग मित्र कॅम्प चारमध्ये राहतात. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत वसलेल्या या गावाला १९४९ साली नाव मिळालं, पण छावणीचे आकडे पत्त्यांतून गेले नाहीत. रविवारी सकाळी त्यांच्याकडे दालपकवान असतं. मैद्याची कुरकुरीत तळलेली पुरी आणि त्यावर चण्याची डाळ. ‘डाळ आहे ना, प्रोटीन!’ असं सांगून हे पकवान संपवतात. भगिनींनो, त्याच स्वयंपाकघरात साईभाजी नावाची वस्तू असते : पालक, आंबट चुका, चणाडाळ, हाताला येतील त्या भाज्या, सगळं एकत्र शिजवून घोटलेलं. साखर सांभाळायला याहून चांगलं मला तरी माहीत नाही. वहिनींकडून मी ती शिकून घेतली. हे घरी तिला ‘पातळ पालेभाजी’ म्हणतात आणि नाक मुरडतात. उल्हासनगरला तीच भाजी दोनदा मागतात. यावर कलम नाही, मला नुसतं सांगायचं होतं.

कलम ८. हे एकच कलम फाडून फ्रिजवर लावलंत तरी चालेल. काय खाल्लं याइतकंच आधी काय खाल्लं यालाही महत्त्व आहे. आधी भाजी-कोशिंबीर, मग उसळ, अंडं किंवा मासळी, आणि पोळी-भात सर्वांत शेवटी. तेवढ्याच जेवणाने साखर कमी उसळते. हे सांगून भागत नाही. आमच्या सासूबाईंच्या पानात पहिला मान वरण-भाताचा, वर तुपाची धार, आणि त्या मानाला हात लावणं म्हणजे कुळाला हात लावणं. म्हणून मी वाद घातला नाही, पोळ्या उशिरा लाटायला लागले. कुकरही उशिरा लावते. स्टेशनवरून रिक्षाच्या रांगेतून भुकेने वखवखलेला माणूस घरी येतो, तेव्हा त्याच्यापुढे काकडीची कोशिंबीर आणि मटकीची उसळ तेवढी तयार असते. “झालंच, कुकर पडतोय,” असं आतून म्हणत राहायचं. तो जे समोर आहे ते खातो. भात येईपर्यंत अर्धं पोट भरलेलं असतं. यांना वाटतं माझा कामाचा उरक कमी झाला. वाटू दे.

कलम ९. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालावं. चालणारे स्नायू रक्तातली साखर वापरून टाकतात. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सीमेवरच्या लोकांनी आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन कमी करणं असं लक्ष्य ठेवलं, तर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. हे सगळं खरं, पण बदलापुरात रात्री चालायचं कुठे? एका बाजूला खणलेला रस्ता, दुसऱ्या बाजूला कुत्री. पार्किंगमध्ये चाला म्हटलं तर ‘एकट्याने काय वेड्यासारखं फिरायचं’. शेवटी लक्षात आलं, हे फोनवर बोलताना कधीच बसत नाहीत. मी नणंदेला विश्वासात घेतलं. तिचा फोन पंधरा मिनिटांच्या आत कधी संपल्याचं ऐकिवात नाही. इतकी वर्षं मी त्या गुणाला नावं ठेवली. आता साडेनऊला तिचा फोन येतो, हे स्कूटरींमधून फेऱ्या मारत आईच्या हातच्या वड्यांच्या गप्पा ऐकतात आणि चालणं आपोआप होतं.

कलम १०. लोकलमधले पेढे. बढती, बारसं, निवृत्ती, दसऱ्याची डब्यातली पूजा. नाही म्हणता येत नाही. अर्धा घ्यावा, अर्धा शेजाऱ्याला द्यावा. तोही सीमेवरच असतो.

कलम ११. जांभूळ. आमच्या बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते फळ सीमावासीयाने वाटीभर खुशाल खावं. पण यांचा विश्वास फळावर नाही, बियांवर आहे. गेल्या पावसाळ्यात गच्चीवर बिया वाळत घातल्या, माझ्या मिक्सरचं भांडं कायमचं जांभळं केलं आणि रोज सकाळी चमचाभर पूड तोंड वाकडं करून घेतली. तीन महिन्यांनी आकडा ५.८ आला. उशिरा लागणारा कुकर, मटकी, नणंद, कुणाचंही नाव निघालं नाही. सगळं श्रेय बियांना गेलं. हल्ली हे सकाळच्या लोकलमध्ये अंबरनाथपासून विठ्ठलवाडीपर्यंत मार्गदर्शन करतात आणि कल्याणला नवे शिष्य चढतात. पुडीच्या चार बरण्या अजून घरात आहेत. कोणाला हवी असल्यास घेऊन जावी, फक्त येताना बरणी स्वतःची आणावी.