गुडघ्यांचा कारभार

बंगळुरूतील येलहंका हे एके काळी, ते शहर वसविणाऱ्या केंपेगौडांच्या घराण्याचे ठाणे. सांप्रत तेथील निवासी संकुलांत, मुलांच्या नोकऱ्यांमागोमाग येऊन स्थिरावलेल्या निवृत्त मराठी मंडळींच्या गुडघ्यांचा अंमल चालतो. सायंकाळच्या बाकावरील सभेत पूर्वी पेन्शनींची तुलना होई, आता ग्लुकोसामाइन आणि कोलॅजन या सांध्यांसाठीच्या पूरक गोळ्या-पुड्यांची होते. आणि चातुर्मासात ज्यांच्या घरी कांद्यासही मज्जाव, असे सोवळे गृहस्थ बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढलेले ते ग्लुकोसामाइन, डबीवरील बारीक मजकुराकडे काणाडोळा करून, भक्तिभावाने गिळतात.

2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, सुमारे 1,600 गुडघेदुखीच्या रुग्णांमध्ये, ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिन ही जोडगोळी एकंदरीत औषधहीन गोळीहून सरस ठरली नाही. शिवाय आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2016 च्या नियमांबरहुकूम अशा डब्यांवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असा खुलासा छापावाच लागतो. म्हणजे विक्रेत्याने लेखी नाकारलेला गुण गिऱ्हाइकाने पदरमोड करून सिद्ध करावयाचा, असा हा अपूर्व करार आहे!

इकडे 100 ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते; परंतु तिच्याच पिठाचा शिजवलेला गोळा, म्हणजे रागीमुद्दा, पडला स्वस्त आणि स्थानिक, त्यास प्रतिष्ठा कोठून यावी? रेल्वेची चाके आणि आस घडविणारा सरकारी कारखाना येलहंक्यातच असला, तरी मानवी सांध्यांचे सुटे भाग अद्याप डबीतून निघत नाहीत. सबब वजन उतरवावे, नित्य चालावे, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास नवी डबी उघडण्यापूर्वी डॉक्टरांस दाखवावी.