पहिल्या दिवशी झोपू द्या

डिसेंबरच्या स्वित्झर्लंड सहलीचं माहितीपत्रक उघडा आणि ‘दिवस पहिला’ वाचा. झुरिकला आगमन, ऱ्हाईनचा धबधबा, लुसर्नचा सिंह, लाकडी पूल, खरेदीला वेळ, भारतीय जेवण, मग हॉटेल. शेजारी निळ्या आकाशाचा फोटो. साठी उलटलेल्या माणसाला हा दिवस पार पाडताना काय सोसावं लागतं, त्याचा एक शब्द त्या पत्रकात नसतो.

मुंबईहून विमान मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला. म्हणजे रात्री नऊलाच विमानतळावर हजर. पुण्या-नाशिकची मंडळी दुपारीच घरातून निघालेली, सांगली-कोल्हापूरकर तर सकाळी. जेवणाचा ट्रे समोर येतो रात्री दोन-अडीचला, आणि डोळा लागतो न लागतो तोच नाश्त्याचे दिवे लागतात. झुरिकला उतरावं तर तिथे सकाळचे सहा-साडेसहा, बाहेर मिट्ट काळोख. डिसेंबरअखेर तिथे सूर्य सव्वाआठच्या आसपास उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. आपलं घड्याळ हिवाळ्यात त्यांच्या साडेचार तास पुढे. हिशेब सरळ आहे. आदल्या दिवशी सहाला उठलेले काका लुसर्नच्या पुलावर दुपारी साडेचारला उभे असतात, तेव्हा त्यांच्या शरीराला रात्रीचे नऊ वाजलेले असतात, आणि विमानातली डुलकी सोडली तर ते एकोणचाळीस तास जागे असतात.

हे असं का होतं? कारण हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनला मिळते. सकाळी सातला हवी असेल तर आदल्या रात्रीचं भाडं मोजावं लागतं. ते वाचवायचं, तर चाळीस माणसांना सकाळपासून दुपारपर्यंत कुठेतरी फिरवत ठेवायला हवं. पहिल्या दिवसाचं स्थलदर्शन या गरजेतून जन्मतं, आणि पत्रकात मात्र ते भरगच्च कार्यक्रम म्हणून विकलं जातं. मला याचा राग येतो. पैसे वाचवायचे असतील तर तसं सांगून वाचवा. ज्याला परवडेल तो फरक भरेल, ज्याला परवडणार नाही तो निदान तयारीनिशी येईल.

आता बसच्या चालकाकडे पाहा. युरोपातल्या नियमाप्रमाणे तो साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं थांबतो. दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर चालवत नाही आणि रात्री सलग अकरा तास विश्रांती घेतो. नोंद यंत्रात होते, नियम मोडला तर दंड बसतो. स्वित्झर्लंडचे नियमही याच धर्तीचे. हे उत्तमच आहे. चाळीस जीव त्याच्या हाती असतात. पण त्याच्या मागे बसलेल्या चाळीस जणांच्या झोपेची जबाबदारी कुणाचीच नाही. टूर मॅनेजर म्हणून सोबत आलेली पंचविशीतली मुलगीही तितकीच जागी असते आणि वर दर थांब्यावर डोकी मोजते. तिच्यावर चिडू नका. कार्यक्रम तिने आखलेला नसतो.

ऱ्हाईनच्या धबधब्यापाशी एका गटात पाहिलेल्या काकू माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. साडीखाली थर्मल, पायांत नवे कोरे बूट, कानांवर लोकरी टोपी. बस थांबली तशा त्या खिडकीच्या काचेला कपाळ टेकून म्हणाल्या, “तुम्ही जा, मी इथंच बरी.” पण तिथे बसून राहायचीही सोय नव्हती. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं स्वित्झर्लंडमध्ये नियमाविरुद्ध आहे. इंजिन बंद झालं, हीटर बंद झाला आणि बस गारठू लागली. काकू उतरल्या. आदल्या संध्याकाळपासून त्या पाणी जवळजवळ प्यायल्या नव्हत्या, कारण विमानात दोन माणसांना उठवून बाथरूमला जायचा संकोच आणि बसमध्ये थांबा कधी येईल याची धास्ती. आपल्याकडच्या कितीतरी बायका प्रवासात असंच करतात, आणि सहलीच्या आधीच्या बैठकीत यावर कुणी बोलत नाही. नऊ तास बसून काढायचे आणि वर पाणी नाही, म्हणजे पायात रक्ताची गाठ होण्याच्या धोक्यात भरच. थांबे आधीच सांगून ठेवले असते तरी काकू निर्धास्तपणे पाणी प्यायल्या असत्या.

आणि समोर काय होतं? धबधबा दीडशे मीटर रुंद, तेवीस मीटर उंच, यात शंका नाही. पण ऱ्हाईन आल्प्सच्या वितळत्या बर्फावर फुगते. उन्हाळ्यात तिथून सेकंदाला सरासरी सहाशे घनमीटर पाणी कोसळतं, हिवाळ्यात अडीचशेच्या आसपास. धबधबा सर्वांत रोडावलेला असताना, शून्याच्या आसपासच्या थंडीत, ओल्या निसरड्या पायऱ्यांवर झोप नसलेले पाय. मनगट किंवा खुबा मोडायला आणखी काय लागतं?

थंडी हृदयावरही येते. गार हवेत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. त्यातच त्या दिवशी गोळ्यांचं वेळापत्रक कोसळलेलं असतं. ‘सकाळची गोळी’ मुंबईच्या सकाळी घ्यायची की झुरिकच्या? इन्सुलिन घेणाऱ्याचा दिवस अचानक साडेचार तासांनी लांबलेला असतो, आणि दुपारचं जेवण मिळतं ते भारतीय वेळेने संध्याकाळी साडेपाचला. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून हे कागदावर लिहून घ्यायला हवं. औषधं, इन्सुलिन आणि एक जाड स्वेटर हातातल्या बॅगेतच हवा. विमानाच्या पोटात इन्सुलिन गोठू शकतं, आणि मोठी बॅग एकदा बसच्या पोटात गेली की रात्रीपर्यंत हाती लागत नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं आहे: पहिल्या दिवशी झोपलात तर जेट लॅग जात नाही, उजेडात फिरा. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. दिवसाचा उजेड शरीराचं घड्याळ जुळवतो. पण पश्चिमेकडे जाताना ते घड्याळ तसंही सोपं जुळतं. इथे अडचण बुडालेल्या रात्रीची आहे. आणि उजेड कुठला? हिवाळ्यात झुरिकच्या सपाटीवर कित्येक दिवस धुक्याचं झाकण बसलेलं असतं. त्या राखाडी अंधारात माणसं बसमध्ये माना टाकून झोपतात, म्हणजे ना धड झोप ना धड उजेड. सकाळी दोन-तीन तास पाठ टेकू द्या, मग दुपारी हॉटेलच्या आसपास तासभर पायी फिरवा. झुरिकमध्ये बाराशेहून जास्त सार्वजनिक कारंजी आहेत, त्यांतल्या बहुतेकांचं पाणी पिण्याजोगं. बाटली भरून घ्या, नदीकाठाने चाला, साडेसहाला गरम जेवण, आठला अंथरूण. कातळात कोरलेला लुसर्नचा सिंह १८२१ पासून तिथेच पडून आहे, आणि पुढे टिटलिसच्या बर्फाळ शिखराकडे जाताना लुसर्न वाटेतच लागतं. त्याला दुसऱ्या दिवशी भेटलं तर तो नीट दिसेल तरी.

आयुष्यभराच्या बचतीतून, नाहीतर मुलांनी हौसेने दिलेल्या पैशांतून आपली माणसं ही एक सहल करतात. परत आल्यावर त्यांना पहिला दिवस आठवत नाही. फोटो बघून कळतं की आपण तिथे होतो. हे मला फार लागतं.

तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा: पहिल्या दिवशी खोली किती वाजता? त्याआधी आम्हाला कुठे ठेवणार? लवकर खोली हवी असेल तर जास्तीचे किती? फिरायला न येणाऱ्याला थेट हॉटेलात सोडाल का? उत्तर ई-मेलवर घ्या. ‘बघू, तिथे गेल्यावर करू’ असं म्हणणाऱ्याकडे आईवडिलांचं नाव नोंदवू नका.