रोज तेच ‘जनरल मेंटेनन्स’

शिकाऊ वीजतंत्र्याच्या डायरीत दिवसाला एक ओळ असते: तारीख, तास, कामाचा तपशील, सही. तपशिलाच्या रकान्यात दोन शब्द जेमतेम मावतात आणि आमचे सुपरवायझर साहेब रोज तेच दोन शब्द लिहायला लावतात, ‘जनरल मेंटेनन्स’.

मागे पंप हाऊसमधली मोटार सारखी ट्रिप होत होती. वायरमन काकांनी सप्लाय बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, टर्मिनल बॉक्समधली टोकं सोडवली आणि इन्सुलेशन तपासायचा ५०० व्होल्टचा मेगर माझ्या हातात दिला. वाइंडिंग ते बॉडी रीडिंग घेतलं, तर काटा १ मेगाओमच्याही खाली. मोटारीत पाणी गेलं होतं. हॅलोजन लावून ती सुकवली, पुन्हा मेगर केलं, रीडिंग वर चढलं, तेव्हा कुठे जोडणी केली. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये मेगर मी पाहिला होता. तो कशासाठी असतो ते त्या संध्याकाळी कळलं.

पण ती संध्याकाळ डायरीत नाही, कारण ते काम आठ तासांपलीकडचं होतं. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय शिकाऊ उमेदवाराला ओव्हरटाइम लावता येत नाही, असं १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा सांगतो. नियम आमच्या भल्याचा आहे आणि तो पाळलाच पाहिजे. साहेब मात्र काम करून घेतात आणि वर सांगतात, ‘आठच लिही.’ त्याच सकाळी शटडाउनचं परमिट निघेपर्यंत मी पॅनेलपाशी नुसता उभा होतो, तो वेळ आठ तासांत धरला. केबल ट्रेखाली शिडी धरली, तोही धरला. मेगर हातात घेतला, तो वेळ धरला नाही.

सह्यांचंही तसंच. त्या होतात महिनाअखेरीला, एका बैठकीत, एकाच पेनाने. मधेच साहेबांची बदली झाली की नवे साहेब म्हणतात, ‘तेव्हा मी कुठे होतो इथे?’ त्यांचंही चुकत नाही. मग जुन्या साहेबांना गाठायचं, तेही आपल्या सुट्टीच्या दिवशी.

कायद्याचं कलम १८ म्हणतं, शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. कलम १९ मालकाला प्रशिक्षणाच्या प्रगतीची नोंद ठेवायला सांगतं. प्रगतीची, नुसत्या हजेरीची नाही. हजेरी तर गेटवरचं मशीन घेतंच. उद्या मुलाखतीत कोणी विचारलं, ‘मोटारीचं काय काय केलंस?’, तर मी दाखवायचं काय?

याच कारखान्यात अर्थ पिटचं रीडिंग घेतलं की त्याच दिवशी रजिस्टरवर चढतं: पिटचा नंबर, ओहम, घेणाऱ्याची सही. कोणी कंटाळा करत नाही, कारण इन्स्पेक्शनला ते दाखवावं लागतं. शिकाऊच्या डायरीलाही तीच पद्धत लावा. कोणतं मशीन, काय बिघाड, हाताने काय केलं, रीडिंग किती, आणि ज्याने शिकवलं त्याची सही त्याच दिवशी. वायरमन काका सही करायला तयार आहेत. डायरीत त्यांच्या सहीला रकाना नाही, तो आधी पाडून द्या.