मशीन पिळत नाही

आमच्या सोसायटीतली एक मुलगी चार वर्षं ऐरोलीच्या एका कॉल सेंटरमध्ये वॉशिंग मशीनच्या तक्रारी घ्यायची. कळव्याहून स्लो पकडून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बर. मग तिचं काम बदललं. फोन यंत्र घेणार आणि त्याच्या चुका ती सुधारणार. पहिल्याच आठवड्यात बीडकडच्या एका बाईंचा फोन तिच्यासमोर आला. बाई सांगत होत्या, ‘मशीन पिळत नाही.’ यंत्रानं ऐकलं ‘मशीन मिळत नाही’ आणि तक्रार डिलिव्हरीवाल्यांकडे धाडून दिली.

मग हिनं शीट भरायला घेतली. ‘पाणी फेकत नाही’, ‘नुसतंच गुरगुरतंय’, ‘कपडे ओलेगच्च निघतात’, ‘मशीन चालत चालत दारापर्यंत आलंय’. प्रत्येक वाक्यापुढे अर्थ, त्यापुढे बिघाड. वऱ्हाडी माणूस कसं म्हणतो, कोल्हापूरचा कसं म्हणतो, तेही. आठ महिन्यांत यंत्र तयार झालं आणि ती घरी बसली. हातात एका महिन्याचा पगार आणि अनुभवाचा दाखला.

आता टीव्हीवरच्या चर्चेत सांगतात की यंत्र माणसाच्या पुढे गेलं. कुठल्या माणसाच्या? त्याला आठ महिने बोट धरून चालवलं तिच्याच?

हे काही ऐरोलीत पहिल्यांदा घडलेलं नाही. 2016 मध्ये अल्फागो या प्रोग्रॅमनं ‘गो’ या खेळात ली सेडोलला 4-1 असं हरवलं. तो आधी माणसांनी खेळलेल्या डावांमधल्या सुमारे 3 कोटी स्थितींवर शिकला होता. पुढच्याच वर्षी अल्फागो झीरो माणसांचा एकही डाव न बघता, स्वतःशीच खेळून तयार झाला, हेही खरं. पण तिथे पट ठरलेला, नियम ठरलेले, हारजीत ठरलेली. बीडच्या बाईंच्या तक्रारीला पट कुठला? ‘पिळत नाही’ म्हणजे काय, हे कुणीतरी सांगावंच लागतं. यंत्राला फोटो ओळखायला शिकवणाऱ्या ‘इमेजनेट’साठीही जगभरातल्या हजारो लोकांनी चिल्लर पैशांवर चित्रांना नावं दिली. शाबासकी मिळाली ती यंत्राला.

कळव्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. इथली मफतलाल कंपनी 1989 मध्ये बंद पडली. ती यंत्रानं बंद पाडली नव्हती, तो विषयच वेगळा. पण कामगारांच्या देण्यांचं प्रकरण त्यानंतर कित्येक वर्षं हायकोर्टात राहिलं. जमीन जागेवर, तिचा भाव चढता, आणि कामगार तारखा मोजत म्हातारे झाले. निदान त्यांच्याकडे मागायला काहीतरी होतं. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, युनियनची पावती, हजेरीचं कार्ड. माझ्या शेजारणीकडे काय आहे? तिनं लिहिलेली शीट कंपनीची, तिचा रेकॉर्ड केलेला आवाज कंपनीचा, त्यातून उभं राहिलेलं यंत्रही कंपनीचं. कोर्टात जायचं तर दावा कशाचा लावायचा, हेच तिला ठाऊक नाही. वकिलालाही नसावं.

अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी 2023 मध्ये 148 दिवस संप केला आणि यंत्राच्या वापराबद्दल करारात कलमं घालून घेतली. त्यांची संघटना आहे. ठाणे-बेलापूर रोडवर हेडफोन लावून बसणाऱ्या पोरांची कुठे आहे? माझ्या शेजारणीच्या नेमणूकपत्रात एक ओळ हवी होती. तुझ्या दुरुस्त्यांवर यंत्र शिकलं, तर ते वापरात असेपर्यंत तुझा वाटा. सिनेमातल्या गाण्याच्या गीतकाराला रॉयल्टी मिळते, मग हिला का नको? मराठी समजणारं यंत्र विकून जो पैसा येतो, त्यात ही मराठी पुरवणाऱ्यांचा हिस्सा शून्य आहे, आणि हे मला सरळ सरळ चोरीसारखं वाटतं. गोड शब्दच वापरायचा तर तो दुसऱ्या कुणीतरी शोधावा.

परवा आमचंच मशीन बिघडलं. फोन लावला. बाईचा आवाज, शुद्ध, न थकणारा. मी म्हटलं, ‘कपडे ओलेगच्च निघतात.’ पलीकडून लगेच प्रश्न आला, ‘म्हणजे मशीन पिळत नाहीये का?’

बायकोनं फोन स्पीकरवर टाकला होता. ती मुलगी तेव्हा आमच्याकडे विरजण मागायला आली होती. वाटी हातात धरून ती दारातच उभी राहिली.