बदल करू नये, हुकुमावरून

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा जीपीएल परवाना आपल्याला प्रोग्राम उघडायचा, उसवायचा, हवा तसा बदलायचा हक्क देतो. २९ जून २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत शीर्षकाखालीच बजावलं आहे: हा दस्तऐवज जसाच्या तसा खुशाल वाटा, बदलायला मात्र परवानगी नाही.

केवढी ही दूरदृष्टी! प्रोग्रामच्या लाखो ओळी कुणाही सोम्यागोम्याने उलथ्यापालथ्या कराव्यात. बिघडलंच तर 'कसलीही हमी नाही' हे कलम आहेच, तेही ठसठशीत कॅपिटल अक्षरांत. पण परवान्यातला स्वल्पविराम हलला, तर स्वातंत्र्याचं कसं व्हायचं? याच न्यायाने 'बाग सर्वांना खुली' ही पाटी कपाटात कुलूपबंद ठेवावी. कुणी पुसायला नको.

टीकाकारांनी मात्र उतावीळ होऊ नये. फाउंडेशनने पळवाट, क्षमस्व, राजमार्ग ठेवला आहे. यातली कलमं घ्या, बदला, स्वतःचा परवाना काढा. अटी किरकोळ: नाव दुसरं द्या, शेवटी दिलेल्या वापराच्या सूचना बदला आणि सुरुवातीची प्रस्तावना तेवढी गाळा. तीच प्रस्तावना, जिच्यात वाटण्याच्या आणि बदलण्याच्या स्वातंत्र्याची ग्वाही दिली आहे.